विझलेला दिवा आणि जिवंत तार
(हातखंबा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. आपली कित्येक मुले आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकत आहेत. गणेशोत्सव जवळ आला, की पडवीत वा माजघरात एखादा नवा दिवा बसविण्यासाठी वाडीतील लोक याच मुलांना हाक मारतात. म्हणून त्यांना, आणि हाक मारणाऱ्या वडील मंडळींनाही, एक गोष्ट सांगावयाची आहे: दिवा लागला व विझला, एवढ्याने काम बरोबर झाले असे ठरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात पोफळी येथे १९६२ साली कोयनेची वीज निर्माण होऊ लागली. कंदिलाच्या काळात धोका डोळ्यांना दिसत असे. विजेचा धोका दिसत नाही. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेजच्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो. बटण याच तारेत असले पाहिजे आणि न्यूट्रल थेट होल्डरला गेली पाहिजे. चुकून बटण न्यूट्रलमध्ये बसले तरीही दिवा बिनतक्रार लागतो आणि विझतो. होल्डरमधील फेज मात्र जिवंतच राहते. पुढे श्रावणातल्या ओलसर जमिनीवर उभी राहून घरची माउली, बटण बंद केले आहे या भरवशावर दिवा बदलावयास हात घालते. त्या चुकीचे प्रायश्चित्त तिला भोगावे लागते!

कोणी म्हणेल, फ्यूज आहे, एमसीबी आहे. परंतु हिशेब पाहा. चाळीस वॅटचा जुना दिवा सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह घेतो. माणसाचे हृदय बंद पाडण्यास याहूनही कमी प्रवाह पुरतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण ती तारेचे रक्षण करण्यासाठी असते. माणसाच्या रक्षणासाठी उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी.

विद्यार्थी मित्रांनो, काम आरंभिताना मेन स्विच बंद करा, दुसरा कोणी तो चालू करणार नाही अशी व्यवस्था करा. टेस्टर आधी वीज असल्याचे ठाऊक असलेल्या ठिकाणी लावून पाहा, मग कामाच्या तारेस लावा, आणि शेवटी पहिल्या ठिकाणी पुन्हा पडताळा. कारण बिघडलेला टेस्टरही वीज नाही असेच सांगतो. तांबडी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हा रूढ रंगांचा संकेत मोडू नका. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट व ८०० वॅट ही मर्यादा पाळा. मेगरने तारांचे आवरण तपासा. एक मेगओहमपेक्षा कमी रोध दिसला तर वीज जोडू नका. अखेरीस दिवा काढून, बटण बंद ठेवून होल्डरची दोन्ही टोके टेस्टरने पाहा. तेथे वीज आढळता कामा नये.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी, की शिकाऊ मुलास एकट्याने काम करावयास लावू नका. परवानाधारकाच्या देखरेखीखालीच वायरिंग व्हावे, असा नियम आहे. "आपलाच मुलगा आहे, अर्ध्या तासात उरकेल," असे म्हणून आपण त्याच्या प्रेमळ स्वभावावर भार टाकतो. नात्याच्या भिडेने त्यास घाई करू नका. तपासणीस लागणारा वेळ हा कामाचाच भाग समजा.

मंडळाने पुढील वर्षापासून सत्काराच्या श्रीफळाबरोबर प्रत्येक शिकाऊ वीजतंत्र्यास उत्तम आवरणाची पक्कड व एक टेस्टर द्यावा, अशी माझी सूचना आहे.