डोक्याची सुट्टी



‘मन शांत ठेवा’ हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो पाळावा कसा, हे सांगणारे मात्र थोडे. मी डॉक्टर नाही आणि योगीही नाही. कामगार चळवळीत जे पाहिले आणि वाचनालयात बसून जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस पाहा. हात मागावर असतो; डोक्यात कर्जाचा हप्ता, मुलीची फी, घरभाडे यांचा रहाट चालू असतो. धागा तुटला तरी ध्यानात येत नाही. मग मुकादम ओरडतो, ‘लक्ष कुठे आहे?’ हुकमाने लक्ष येत असते, तर कारखान्यांत बोटे तुटली नसती.

शास्त्र काय म्हणते? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्याही शरीराची सुमारे २० टक्के शक्ती तो खातो. सेंट लुईस येथील डॉ. मार्कस रेकल यांनी २००१ साली दाखवून दिले की, मेंदूचे काही भाग हाती काम नसतानाच अधिक चालतात. मागच्या आठवणी आणि उद्याच्या काळज्या हा त्यांचा उद्योग. तेव्हा विचार येतात म्हणून स्वतःला दोष देऊ नये. त्यांच्याशी झोंबण्यापेक्षा त्यांना दुसरी जागा द्यावी.

२०१८ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील संशोधकांनी ५७ तरुणांवरील एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निजण्यापूर्वी ५ मिनिटे काहींनी पुढची कामे कागदावर लिहिली, काहींनी उरकलेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना लवकर झोप लागली. कागदाने सांभाळलेले काम डोक्याला सांभाळावे लागत नाही, असा मी याचा अर्थ घेतो. जोडीला संथ श्वास घ्यावा, सोडताना जरा लांबवावा. त्याने हृदयाची धडधड मंदावते.

परंतु ज्याला निजायलाच वेळ नाही, त्याच्या हाती पेन्सिल देऊन काय उपयोग? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवार १८९० साली मिळाला. ती सुट्टी दमलेल्या हातापायांसाठी होती, तशीच डोक्यासाठीही होती.

मिळालेली विश्रांती राखणे आपल्या हाती आहे. न मिळालेली मिळवणे संघटनेचे काम आहे. आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसे राबतात, त्यांनी ‘लक्ष दे’ म्हणण्यापूर्वी ‘रात्री किती झोपलास?’ एवढे विचारावे.