आकड्यामागची पायपीट



सुट्टीत घरी गेलो की शेजारच्या काकू हमखास म्हणतात, "जर्मनीत हॉस्पिटलात असता ना? मग आमचं बीपी बघा." काकू, आम्ही डॉक्टर नाही हो! आम्ही वैद्यकीय संशोधनातले डेटा अॅनालिस्ट. तांदूळ निवडावेत तसे आकडे निवडतो. इथे दशांशाला स्वल्पविराम देतात, त्यामुळे कधी ७२,५ किलोचा माणूस तक्त्यात ७२५ किलोचा होऊन बसतो. असले खडे लगेच दिसतात.

खरा त्रास रिकाम्या रकान्याचा. एकदा आमच्याच हातून, तपासणीला यायचे थांबलेले रुग्ण 'हयात' धरले गेले. उपचार एकदम गुणकारी दिसू लागला! एका सहकारी बाईंनी विचारलं, "ही माणसं आली नाहीत, की उरलीच नाहीत?" शोध घेतला, तर त्यातले काही केव्हाच गेलेले. ते आठवलं की आजही कसंसंच होतं.

जर्मनीत असा शोध त्यातल्या त्यात सोपा. घर बदललं की आन्मेल्डुंग आलंच, आणि कर्करोगाची नोंद त्या त्या राज्याच्या रजिस्टरमध्ये होते. आपल्याकडे १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा खेड्यातला रुग्ण पुष्कळदा दवाखान्यापर्यंत पोचतच नसे. म्हणून नोंदणीचीच माणसं गावोगाव जाऊ लागली.

त्या पायपिटीचं मोल पुढे कळलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन हे हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राचे वीस वर्षं प्रमुख होते. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण या विषाणूची तपासणी करून खेड्यातल्या बायका वाचतात का? याचं उत्तर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यानं दिलं. तिथे १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली त्यात या रोगानं ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. (त्या बायकांना तपासणी का दिली नाही, अशी टीकाही पुढे झाली. आम्हाला ती रास्त वाटते.)

हे ३४ आणि ६४ कुणा कम्प्युटरनं शोधले नाहीत. आठ वर्षं कुणीतरी त्या बायकांचा माग ठेवला, म्हणून ते मिळाले.

देणगीदार मंडळी, मशीनवर आपल्या नावाची पाटी लागते, एसटीच्या तिकिटावर लागत नाही. म्हणून पाठपुराव्याला पैसा मिळत नाही, हे आम्ही जवळून पाहतो. आजच्या निधीतला काही भाग गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रवासखर्चासाठी आणि मानधनासाठी ठेवावा, एवढीच विनंती. बँकेच्या फॉर्मवर देणगीचं कारण लिहायला जागा असते, तिथे 'पाठपुरावा' लिहा. तेवढा रकाना रिकामा सोडू नका!