ढग दिसले की छाती धडधडते, तेव्हा



कोरेगाव भीमा म्हटलं की लोकांना १८१८ आठवतं. मी आज इथल्या ढगांविषयी आणि झोपेविषयी बोलणार आहे.

आमची जमीन सव्वा एकर. गेल्या वर्षी काढून ठेवलेला कांदा दोन रात्रींच्या अवकाळीत सडला. तेव्हापासून ढग दिसले की माझी छाती धडधडायची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघत बसायचो. अम्मी म्हणायची, "सबर कर, बेटा." सबर करत होतो; झोप मात्र येत नव्हती.

हा वेडेपणा नव्हे. याच पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १०,००० तरुणांची पाहणी झाली. हवामानबदलाच्या चिंतेचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो, असं त्यातल्या ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं.

शेवटी मी १४४१६ वर फोन लावला. ही सरकारची टेली मानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. घरात एकच खोली, म्हणून विहिरीच्या कडेला जाऊन बोललो. समोरच्या ताईंनी "सगळं ठीक होईल" असं म्हटलं नाही. झोप किती, जेवण जातं का, जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारलं. मग हातात काय आहे आणि काय नाही, हे वेगळं करायला लावलं. आता अंदाज दिवसातून दोनदाच बघतो. पिकाच्या विम्याचे सध्याचे नियम काय आहेत, हे विचारून भिंतीवर लिहून ठेवलंय.

फोनने पाऊस थांबत नाही, भरपाईही मिळत नाही. त्यासाठी ग्रामसभेत उभं राहावं लागतं. पण न झोपलेला माणूस तिथे उभा राहू शकत नाही.

दुआ आणि इलाज यांत भांडण नाही. ताप आला तर आपण दोन्ही करतोच ना?

भावांनो, एक काम करा. घरातल्या बहिणीला अर्धा तास फोन आणि एकांत द्या. "कुणाशी बोललीस?" असं विचारू नका. भीती तिलाही वाटते. तिला तर विहिरीची कडही मिळत नाही.