बिस्किटांच्या डब्यातल्या कॅसेटा



वरोऱ्याचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. मे महिन्यात दुपारी इथं माणूस तर सोडाच, कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आम्ही घरातलं जुनं कपाट आवरत होतो. धाकटी बहीण मुलीला घेऊन माहेरी आली होती. कपाटात बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. लग्न २००८ सालचं. भाचीनं हट्टच धरला, "मामू, लावा ना!"

आता घरात डीव्हीडी प्लेअर कुठला? शेजाऱ्यांकडून मागून आणला, मोठ्या टीव्हीला जोडला. चित्र सुरू झालं आणि आम्ही सगळे हिरमुसलो. चेहरे पुसट, कडा फाटलेल्या. भाची टीव्हीजवळ जाऊन विचारू लागली, "यातली नानी कोणती?" तिची नानी, म्हणजे माझी अम्मी, २०११ साली गेली. भाची तेव्हा पाळण्यात होती. मी बोट दाखवलं. हिरव्या ओढणीतला एक पुसट ठिपका. ओठ हलत होते, पण ऐकू येत होतं ते सिनेमाचं गाणं. दीड तासाच्या त्या फिल्ममध्ये अम्मीचा आवाज एकदाही नव्हता.

मला आठवलं, शूटिंग तर चांगल्या कॅमेऱ्यानं झालं होतं. दुबईहून आलेल्या मामेभावानं एचडीव्ही कॅमेरा आणला होता. मग चित्र असं कसं? एका जाणत्या मित्रानं हिशेब समजावला. त्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीत १४४० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे साडेपंधरा लाख. आपल्याकडच्या साध्या डीव्हीडीत मावतात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत. पावणेचार पट तपशील डीव्हीडी बनवतानाच गळून गेला होता. त्या काळच्या फुगीर काचेच्या टीव्हीवर ते कळलं नाही, मोठा पडदा आला तेव्हा कळलं.

संकलन करणाऱ्याकडे मूळ फाइल असेल म्हणून चौकशी केली. त्यानं ती तेव्हाच पुसली होती. त्याला तरी दोष कसा देऊ? एचडीव्हीचं एक तासाचं चित्रण अकरा-बारा जीबी जागा खातं आणि तेव्हा हार्ड डिस्क महाग होत्या. शिवाय "लोक कंटाळतील, छोटं करा, गाणी टाका," असं आम्हीच त्याला सांगितलं होतं.

नशीब एवढंच, की मूळ चार कॅसेटा अम्मीनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याखाली ठेवल्या होत्या. तिला त्यातलं तंत्र काय कळणार? पण घरातली वस्तू फेकायची नाही, हा तिचा कायदा. कॅसेटा होत्या, पण त्या वाचणार कोण? ज्या तारेनं असा कॅमेरा संगणकाला जोडतात, तिचं भोकच आजच्या लॅपटॉपला नसतं. शेवटी नागपुरात एक जुने छायाचित्रकार भेटले. त्यांच्याकडे चालू कॅमेरा आणि जुना संगणक, दोन्ही होतं. कॅसेटची नक्कल घाईनं होत नाही. चार तासांच्या कॅसेटांना चार तास. मी तिथंच बसून राहिलो.

तिसऱ्या कॅसेटवर अम्मी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी, कपाळावर घाम. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. कॅमेऱ्यामागच्या मुलाला ती विचारत होती, "बेटा, सुबह से कुछ खाया क्या?" एवढंच. संकलन करणाऱ्यानं हा तुकडा कापला होता. बरोबरच आहे, त्यात लग्नाचं काहीच घडत नव्हतं.

मी कवी माणूस. मीही ओळी कापतो. वीस ओळी लिहाव्यात आणि आठ ठेवाव्यात, हे मला पटतं. चार तासांचं चित्रण कुणी पाहत नाही; चाळीस मिनिटांचं पाहतात. म्हणून संकलन हवंच. पण कविता झाली म्हणून मी वही जाळत नाही.

हे दुःख आपल्या एकट्याचं नाही. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं, १९०१ साली रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं केलं. आज त्यांची नोंद वाचायला मिळते, चित्रं नाहीत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र'ही संपूर्ण उरलेला नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगावची रिळं गोळा केली, म्हणून थोडं तरी हाती आहे. त्यातलीही नायट्रेटवरची किती रिळं जानेवारी २००३च्या आगीत गेली! एका जागी ठेवलेली वस्तू एका दिवसात जाते.

म्हणून आता आमच्या घरात काही नियम केलेत. कॅमेऱ्यातलं वा मोबाइलमधलं मूळ चित्रण पुसायचं नाही. संकलित फिल्म मूळ चित्राच्या मापातच साठवायची, लहान करून नाही. गाणं टाकलंच, तर खालचा खरा आवाज अगदी बंद करायचा नाही. नक्कल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही राखून ठेवायची प्रत नव्हे, कारण पाठवताना ती दाबून लहान होते. आणि वर्षातून एकदा डिस्क लावून पाहायची. काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायची. साधनं आपल्यासाठी थांबत नाहीत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ साली ते काम थांबवलं. एचडी डीव्हीडी तर २००८ सालीच बाद झाली. आमच्या हवेत धूळ, ऊन आणि पावसाळ्यात बुरशी, तिन्ही शत्रू आहेत. डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.

यंदा ईदच्या दिवशी शीरखुर्मा झाल्यावर ते चार तास आम्ही लावले. पाहुणे येत-जात राहिले, टीव्ही चालू राहिला. अम्मीचा तुकडा भाचीनं तीनदा मागे नेऊन पाहिला. मग तिनं वही घेतली आणि पडद्यावरच्या एकेकाचं नाव विचारून लिहू लागली. चाळीसेक नावं झाली. मेहंदी लावणाऱ्या, सारखं हसणाऱ्या एका बाईंचं नाव मात्र आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. अम्मीला ते नक्की माहीत असणार. तिच्या हयातीत आम्ही विचारलं नाही.

तुमच्या घरात अजून कुणी सांगणारं असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.