पाणंदीची सायकल



वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली व यवतमाळकडचे रस्ते मिळतात. महामार्ग रुंद झाला. शेताची पाणंद मात्र काळ्या मातीचीच राहिली. पावसात ती माती मडगार्डमध्ये दाटून बसते आणि चाक जागीच अडते.

अशा वाटेची सायकल भंगारातूनही उभी राहते. सांगाडा निवडताना चिमट्याला व जोडांना तडा नाही, हे प्रथम पाहावे. मडगार्ड काढावे. चिखल निसटण्यापुरती जागा राखून रुंद टायर चढवावा. मागे अधिक दात्यांचे फ्रीव्हील लावावे. वेग घटतो, पण चढ सुसह्य होतो. छर्रे धुऊन वंगण भरावे. पोलादी रिमवरचा ब्रेक पाण्यात दगा देतो, याचे भान ठेवावे.

अमेरिकेतही हेच घडले. कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराजवळ तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली जोडून १९७६ साली उताराची शर्यत सुरू केली. ब्रेकच्या तापाने आसातील वंगण जळे, ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९८१ पर्यंत ती कल्पना कारखान्याचा माल झाली. हातांनी शोधलेली विद्या बाजाराने विकायला काढली.

ही विद्या श्रमिकांच्या हाती राहावी, यासाठी प्रत्येक शाळेत दुरुस्तीचे सामाईक टेबल व पान्ह्यांचा संच हवा. मात्र जुगाड म्हणजे दारिद्र्याचा गौरव नव्हे. सायकल जोडणाऱ्या हातांनी पक्क्या पाणंदीची मागणीही तितक्याच नेटाने लावून धरली पाहिजे.