मूल जेथे आहे, तेथून शिकवणे



शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे, हजेरीही नियमित आहे, वर्गही दर वर्षी पुढे सरकतो आहे. परंतु पाचवीत बसलेल्या त्या मुलासमोर दुसरीचे पुस्तक ठेवले, तर त्यातील चार ओळी त्याला वाचता येत नाहीत. हे एखाद्या अपवादात्मक मुलाचे वर्णन नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. स्वयंसेवक घरोघरी जातात आणि मुलांकडून प्रत्यक्ष वाचून घेतात. २०१८ मध्ये पाचवीतील ५०.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा सुमारे ४९ टक्क्यांवर आले. म्हणजे घसरण बरीचशी भरून निघाली, तरी निम्मी मुले मागेच आहेत.

याचे खापर शिक्षकांवर फोडणे सोपे आहे. संशोधन मात्र वेगळीकडे बोट दाखवते, आणि त्या संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईतच लिहिला गेला.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. बालसखी म्हणजे वस्तीतीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि अल्प मानधन मिळे. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून बाजूला घेऊन ती रोज दोन तास केवळ वाचन आणि अंकगणित यांचे मूलभूत पाठ देई. कोणत्या शाळेला बालसखी कोणत्या इयत्तेसाठी मिळणार, हे सोडतीने ठरवले होते. त्यामुळे तुलना निःपक्षपाती झाली.

निष्कर्ष स्पष्ट होते. पहिल्या वर्षी चाचणीतील गुण ०.१४, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणविषयक प्रयोगांत ही वाढ लक्षणीय मानली जाते. त्याहून विचारप्रवृत्त करणारी गोष्ट पुढेच आहे. ही वाढ बालसखीकडे गेलेल्या दुर्बल मुलांची होती. मूळ वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी झाली, गर्दी हटली. तरी त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. केवळ पटसंख्या घटवून काम होत नाही. शिकवणे मुलाच्या पातळीवर यावे लागते, हे येथे सिद्ध झाले.

मग हेच काम शासकीय शिक्षकांकडून का होऊ नये? बिहारमध्ये या प्रश्नाचे बोलके उत्तर मिळाले. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत शासकीय शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरे घेतली आणि मुलांची प्रगती दिसून आली. शाळा सुरू झाल्यावर मात्र निव्वळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही साधले नाही. शिक्षक नालायक नव्हते. शिबिरात त्यांच्यासमोर एकच काम होते: मुलांना वाचायला शिकवणे. वर्गात त्यांच्यासमोर दुसरे काम उभे राहिले: पाठ्यक्रम पूर्ण करणे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्येही संपूर्ण पाठ्यक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. पुस्तक पुढे जाते, मूल मात्र मागेच राहते.

हरियाणात २०१२-१३ मध्ये यावर उपाय शोधला गेला. शाळेच्या वेळेतच एक स्वतंत्र तास राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीनुसार बसत. पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिले, मग शिक्षकांना मार्गदर्शन केले. हिंदी वाचनात सुधारणा झाली. गणितात झाली नाही. कारण त्या तासात गणित शिकवलेच नव्हते. जे शिकवले जाते तेच मूल शिकते, इतके हे साधे आहे.

या कामाची दखल जगाने घेतली. जागतिक दारिद्र्य निवारणासाठीच्या प्रायोगिक दृष्टिकोनाबद्दल बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. देशातही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यांना अग्रक्रम दिला. २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाने अर्थ समजून वाचावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

तथापि धोरण कागदावर उतरले म्हणजे मुलाच्या ओठावर अक्षर उमटते, असे नाही. यासाठी समाजानेही पुढे यायला हवे, आणि त्याला मोठे भांडवल लागत नाही. वस्तीतील अभ्यासिकेत मुलाला बसवून प्रथम अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट असे क्रमाने वाचून घ्यावे. त्याची इयत्ता विचारू नये. तो कोठे अडतो ते पाहावे. एकाच पातळीच्या मुलांचा गट करावा, रोज ठरलेला वेळ द्यावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन गट बदलावेत. पालकांनीही प्रगतिपुस्तकातील श्रेणीवर समाधान न मानता मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्याचा अर्थ विचारावा.

तिसरीत वाचन न आलेल्या मुलाला चौथीचे विज्ञान आणि पाचवीचा भूगोल बंद दारासारखे भासतात. पुढे तेच मूल शाळा सोडते आणि 'त्याला शिक्षणाची गोडी नव्हती' असा शेरा त्याच्या माथी बसतो. तो शेरा अन्यायाचा आहे. गोडी लागण्याआधी वाचता यावे लागते, आणि ते शिकवण्याचा मार्ग याच मातीत शोधला गेला आहे.