भट्टीपाशी उभी असलेली मुले
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मंडळाच्या गौरवाचे चार शब्द आम्ही बोलावेत, अशी कार्यकारिणीची अपेक्षा असणार. ते काम इतर वक्ते आमच्याहून अधिक समर्थपणे करतील. आम्ही एका जुन्या उणिवेविषयी बोलणार आहोत, आणि त्या उणिवेत आमचाही वाटा आहे.

आपल्या गणेशोत्सवात मांडवाचे बांबू कोण उचलते? सराफ बाजारातील गलाईच्या दुकानांत राबणारी मुले. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त टापूतील माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी पिढ्यानपिढ्या भारतभर पांगली. जेथे सराफी पेठ, तेथे मराठी बोलणारा गलाईवाला बहुधा भेटतोच. या धंद्याने अनेक कुटुंबे वर काढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जो दुकानाचा धनी झाला, त्याची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. परंतु जो भट्टीपाशीच राहिला, त्याचा मुलगाही मिसरूड फुटण्याच्या वयात मूस आणि तेजाबाच्या धुरापाशी येऊन उभा राहिला. पिढीजात दारिद्र्य म्हणतात ते हेच. बापाची जागा रिकामी होण्यापूर्वीच मुलाची जागा ठरून गेलेली असते.

गरिबाचा मुलगा फीपायी शिकत नाही, असा आमचाही समज होता. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाची दहावीच्या परीक्षेची फी आम्ही भरली, पुस्तके आणून दिली, आणि आपण काही केले या समाधानात स्वस्थ राहिलो. परीक्षेच्या दिवशी दुकानात मोठे काम आले. भट्टी पेटली, आणि मुलगा पेपरला गेलाच नाही. आम्ही त्याच्यावर रागावलो. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "साहेब, खाडा झाला तर गावी आईला पैसे कुठले धाडू?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर त्यानंतर आम्ही त्याची चौकशीही केली नाही. तो आजही भट्टीवरच आहे.

शिकण्याच्या खर्चात फी ही लहान बाब होय. मोठी बाब म्हणजे शिकताना बुडणारी मजुरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली, तेव्हा त्यांचा भर केवळ शाळेवर नव्हता, वसतिगृहावर होता. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत, आणि श्रम करून शिकत. 'कमवा व शिका' ही योजना याच विचारातून आली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

आज साधने नाहीत असे नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने चालते. नोंदणी पाच वर्षे टिकते, आणि एकेक विषय सवडीने सोडविता येतो. दहावीला मराठी माध्यमही आहे. हे त्या मुलांना कोणी सांगितले? सराफ बाजार आपल्या सभागृहापासून फार लांब नाही.

दुसरी अडचण कागदांची. पूर्वी अशी मुले साक्षांकनासाठी आमच्या दारी येत. २०१४ पासून केंद्र सरकारने स्वयंसाक्षांकन मान्य केले आणि ती पायपीट थांबली. परंतु अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते ती मूळ राज्याकडून. उत्पन्नाचा व जातीचा दाखला गावाकडचाच. अर्ज संगणकावरून होत असले, तरी नावात एका अक्षराचा फरक निघाला की बापाला रेल्वेने गाव गाठावे लागते, आणि पुन्हा खाडे पडतात. आपल्यापैकी निम्मे सभासद सरकारी नोकरीत आहेत. अर्ज कोठे अडतो हे आपणांस ठाऊक नाही, तर कोणास?

महोत्सवी निधीतून सभागृह वातानुकूलित करण्याची सूचना पुढे आली आहे. आमची विनंती अशी की, उकाडा आणखी काही वर्षे सोसावा. तळमजल्यावरची खोली रोज संध्याकाळी या मुलांना उघडून द्यावी, परीक्षेच्या दिवसांतील बुडालेली मजुरी निधीतून भरून द्यावी, आणि प्रत्येक मुलामागे एका सभासदाने पालकत्व घ्यावे. केवळ पैसे देऊन भागत नाही, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगत आहोत. कामगारांच्या मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांच्यासाठी आमच्या भगिनी-सभासदांनीच पुढे यावे लागेल.

हे साह्य मराठी मुलांपुरतेच ठेवावे काय, असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. या शहराने पन्नास वर्षे आपणांस जागा दिली. मागच्या वस्तीतील मुले आली, तर दार लावून घेणे आम्हांस तरी जमणार नाही.

धन्यांची संमती मिळाल्यावाचून यातील काहीच होणार नाही. रोज दोन तास आणि परीक्षेच्या दिवसांची सुट्टी, एवढेच त्यांच्याकडे मागावयाचे आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या भेटीस निघणार आहोत. रविवारी दुकाने बंद असल्याने धनी घरी निवांत भेटतात. आपल्यापैकी चार जण बरोबर आले तर बरे होईल. साडेनऊ वाजता मंडळाच्या पायरीवर आम्ही थांबू.